शीला बसायला नको म्हणणारी मुले : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

दीड ते चार वर्षांच्या मुलांना शी-शूची सवय लावताना येणाऱ्या अडचणींविषयी अनेक वाचकांनी लिहिले आहे. त्यांपैकी काही पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे थोडक्यात दिली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत. बहुतेक पत्रांत मूल हट्टी आहे, मुद्दाम करते, ऐकत नाही, अशी तक्रार आहे. बालरोगतज्ज्ञ म्हणून मला आग्रहाने सांगावेसे वाटते, की मुलाला हट्टी ठरवण्याआधी त्याला शी करताना दुखते आहे का, त्याला कशाची भीती बसली आहे का आणि त्याचे शरीर या कामासाठी तयार झाले आहे का, हे तपासून पाहावे. या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली, की पुष्कळ वेळा घरातील भांडण तिथेच संपते.

साताऱ्याहून एक आजी लिहितात : आम्ही मुलांना सहाव्या-सातव्या महिन्यापासून दोन्ही पायांवर बसवून ‘शू-शू’ करायचो आणि वर्षभरात दुपटी-लंगोट कमी व्हायचे. माझा नातू सव्वादोन वर्षांचा आहे आणि अजून दिवसरात्र डायपरमध्ये असतो. सून म्हणते, डॉक्टरांनी घाई करू नका म्हणून सांगितले आहे. आमची पद्धत चुकीची होती का?

आपली पद्धत चुकीची नव्हती. मात्र त्या वयात मूल काय शिकत होते आणि मोठी माणसे काय शिकत होती, हे वेगळे करून पाहिले पाहिजे. तान्ह्या बाळाचे मूत्राशय भरले, की ते आपोआप रिकामे होते. त्यावर बाळाच्या इच्छेचा ताबा नसतो. दूध पिऊन झाल्यावर किंवा झोपेतून उठल्यावर बाळ शू करणार, हे घरातल्या अनुभवी बाईच्या लक्षात आलेले असे, ती नेमक्या वेळी त्याला पायांवर घेई आणि त्या आवाजाची व त्या बसण्याची बाळालाही हळूहळू सवय होई. कपडे ओले होत नसत, हा त्याचा खरा फायदा होता. परंतु शू लागल्याचे आधीच ओळखणे, ती थोडा वेळ धरून ठेवणे, कोणाला तरी सांगणे, मोरीपर्यंत चालत जाणे आणि चड्डी खाली करणे ही सगळी साखळी मुलाने स्वतः पूर्ण करायची, तर मेंदूचा मूत्राशयावरील ताबा पक्का व्हावा लागतो. हे सर्वसाधारणपणे दीड ते तीन वर्षांच्या दरम्यान घडते आणि ते शिकवणीने फारसे पुढे ओढता येत नाही.

सुनेच्या डॉक्टरांनी जे सांगितले, त्यामागेही मोठा अनुभव आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली १,१७० मुलांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. मुलाची तयारी दिसल्यावरच सवय लावायला घ्यावी, असा सल्ला या मुलांच्या पालकांना दिलेला होता आणि ती मुले सरासरी सुमारे २८ महिन्यांची असताना दिवसा कोरडी राहू लागली. बालरोगतज्ज्ञ आज जो सल्ला देतात, तो बराचसा याच मार्गाने आलेला आहे.

तरीही ‘घाई नको’ याचा अर्थ ‘काहीच करू नका’ असा घेतला जातो, तेव्हा मला काळजी वाटते. आजच्या डायपरमध्ये ओल शोषून घेणारे रसायन असते, त्यामुळे आपण शू केली हे मुलाला जाणवतच नाही, आणि जे जाणवत नाही ते शिकणे अवघड असते. आपला नातू सव्वादोन वर्षांचा आहे. तो दोन-दोन तास कोरडा राहतो का, शी करण्यासाठी पडद्यामागे किंवा कोपऱ्यात जाऊन उभा राहतो का, ‘चप्पल आण आणि बाबांना दे’ अशी दोन टप्प्यांची गोष्ट समजून करतो का, चड्डी ओढून खाली करू शकतो का, हे पाहा. यांतल्या बहुतेक गोष्टी दिसत असतील, तर जागेपणी घरात डायपर काढून सुती, सैल इलॅस्टिकची चड्डी घालायला हरकत नाही. सुरुवातीला तो शू झाल्यानंतर सांगेल. ही प्रगतीच आहे. ‘आता काय सांगतोस?’ असे म्हणून तिच्यावर पाणी ओतू नये. वेळ ओळखण्याची आपली जी नजर आहे, तिचा या घराला आता फार उपयोग होईल. सकाळी उठल्यावर, जेवणानंतर आणि बाहेर जाण्याआधी त्याला आपण न्या, बाकी वेळ सुनेच्या डॉक्टरांनी सांगितलेला धीर धरा.

ठाण्याहून एक आई लिहितात : माझी मुलगी तीन वर्षांची आहे. शू करायला ती स्वतःहून जाते, पण शीसाठी मात्र डायपरच मागते. डायपर दिला नाही, तर तीन-तीन, चार-चार दिवस शी करत नाही. सोफ्यामागे पाय आवळून, टाचा वर करून उभी राहते, चेहरा लालबुंद होतो, घाम येतो. आम्हाला वाटते, की ती जोर लावते आहे, म्हणून उचलून कमोडवर बसवतो, तर किंचाळते. कधी कधी चड्डीला थोडी पातळ शी लागलेली असते. चॉकलेटचे आमिष दाखवून झाले, रागावून झाले. सासूबाई विड्याच्या पानाचे देठ तेलात बुडवून लावतात, तेव्हा शी होते, पण ती खूप रडते. हा हट्ट कसा मोडावा?

या पत्राला सविस्तर उत्तर देतो, कारण हीच कहाणी बाह्यरुग्ण विभागात सतत ऐकायला मिळते आणि तिचा अर्थ जवळजवळ नेहमी उलटा लावलेला असतो. टाचा वर करून, पाय आवळून उभे राहणारे मूल शी करण्यासाठी जोर लावत नसते. ते सगळी ताकद शी आत धरून ठेवण्यासाठी वापरत असते. म्हणूनच नेमक्या त्या क्षणी कमोडवर बसवले, की ते घाबरून ओरडते.

असे का होते? केव्हातरी, ताप येऊन गेल्यावर, प्रवासात, किंवा पाणी कमी आणि दूध जास्त झाल्यामुळे, शी खड्यासारखी घट्ट झालेली असते. ती बाहेर पडताना खूप दुखते, कधी गुदद्वाराच्या कडेला बारीक चीर जाते आणि रक्ताची रेघ दिसते. तीन वर्षांच्या मुलाचा हिशेब सरळ असतो : शी केली की दुखते, म्हणून शी करायची नाही. आत राहिलेल्या शीमधले पाणी आतडे शोषून घेत राहते, त्यामुळे ती आणखी मोठी आणि आणखी कडक होते, पुढच्या वेळी आणखी दुखते, आणि मुलाची खात्री पटते. हे महिनोन् महिने चालले, तर गुदाशय ताणून सैल झालेल्या इलॅस्टिकसारखा होतो आणि शी आल्याची जाणीवच बोथट होते. चड्डीला लागणारी पातळ शी याच टप्प्यावर दिसते. आत अडकलेल्या घट्ट शीच्या कडेने ती झिरपते, मुलीला ती कळतही नाही. पालक तिला जुलाब समजून कधी जुलाब थांबवण्याचे औषध देतात, तर कधी मुलगी घाणेरडी म्हणून मार देतात. या दोन्ही गोष्टींनी तिचे नुकसानच होते.

म्हणून आपल्या मुलीचा डायपर तूर्त तिला परत द्या. शीसाठी डायपर मागितला, तर एक शब्दही न बोलता तो घालायचा. आपले पहिले काम कमोड शिकवण्याचे नसून तिच्या शीतले दुखणे काढून टाकण्याचे आहे, आणि ते होईपर्यंत बाकी सगळे थांबले तरी चालेल. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि पत्रात लिहिले आहे ते सगळे सांगा, विशेषतः चड्डीला शी लागते हे लाजून लपवू नका. बहुधा ते लॅक्ट्युलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल यांसारखे शी मऊ ठेवणारे औषध देतील. आत फार साठले असेल, तर आधी काही दिवस मात्रा मोठी असते आणि मग रोजची ठरते. ‘औषधाची सवय लागेल’ या भीतीने पालक आठवडाभरात ते बंद करतात आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ही औषधे काही महिने घ्यावी लागतात. ताणलेला गुदाशय पूर्वपदावर यायला आणि मुलाच्या मनातून भीती जायला तेवढा वेळ लागतोच.

सासूबाईंचा हेतू मुलीची सुटका करण्याचाच आहे, यात शंका नाही. परंतु पानाचे देठ, साबणाची कांडी किंवा घरच्या घरी दिलेला एनिमा यांमुळे जिथे आधीच दुखते, तिथेच पुन्हा काहीतरी घातले जाते आणि भीती दुप्पट होते. हे आजपासून बंद करावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.

आहारात सर्वांत आधी दुधाकडे पाहा. तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण ४०० ते ५०० मिलिलीटर दूध पुरेसे असते. पोट दुधाने भरलेले असेल, तर पोळी-भाजीला जागा उरत नाही, शी घट्ट होते आणि शरीरातील लोहही कमी पडू लागते. बाटलीने दूध सुरू असेल, तर ते बंद करा. ज्वारीची भाकरी, सालीच्या डाळी, पालेभाज्या, पपई, पेरू आणि रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका यांतले तिला जे आवडते, ते रोज द्या. मारी बिस्किटे आणि मैद्याचे पदार्थ कमी करा. एवढे सांगूनही मी हे स्पष्ट करतो, की महिनोन् महिने साचलेला खडा केवळ पपईने सुटत नाही. औषध आणि आहार दोन्ही लागतात.

तिला दोन-तीन आठवडे रोज मऊ, न दुखता शी होऊ लागली, की पुढचे पाऊल टाका. प्रथम डायपर घालूनच, पण सोफ्यामागे नव्हे तर बाथरूममध्ये शी करू द्या. मग डायपर घालून पॉटीच्या भांड्यावर बसू द्या. पुढे डायपर उघडून भांड्यात अंथरा. प्रत्येक टप्प्याला किती दिवस लागतील, हे तिला ठरवू द्या. जेवल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी आतड्यांची हालचाल वाढते, म्हणून बसवण्याची ती सर्वांत चांगली वेळ. एका वेळी पाच मिनिटे पुरेत, आणि हातात मोबाइल नको.

कमोडवर बसवणार असाल, तर मुलांची छोटी बैठक वर ठेवा आणि पायांखाली पाट किंवा घट्ट स्टूल द्या. पाय लोंबकळत असतील, तर पोटाला जोर मिळत नाही आणि पडण्याची भीती वाटते. गुडघे कमरेपेक्षा थोडे वर आले, की गुदाशयाचा मार्ग सरळ होतो. भारतीय बैठकीच्या संडासात हा लाभ आपोआप मिळतो, परंतु लहान मुलाला ते भोक फार मोठे दिसते, म्हणून सुरुवातीला मोरीत छोटे भांडे ठेवणे सोयीचे. फ्लशच्या आवाजाला पुष्कळ मुले घाबरतात. मूल बाहेर गेल्यावर फ्लश केल्याने काहीच बिघडत नाही.

जन्मानंतर पहिली काळी शी ४८ तासांत झाली नव्हती, बद्धकोष्ठ अगदी तान्हेपणापासून आहे, पोट फुगते, हिरवट उलटी होते, वजन वाढत नाही, चाल बदलली आहे, किंवा कमरेखाली पाठीवर खोल खळगा अथवा केसांचा पुंजका आहे, यांपैकी काहीही असेल, तर ही साधी शी धरून ठेवण्याची सवय समजू नका आणि लगेच तपासणी करून घ्या.

पुण्याहून एक वडील लिहितात : मुलगा दोन वर्षे आठ महिन्यांचा आहे. जूनमध्ये प्लेग्रुप सुरू होईल आणि शाळेने डायपर चालणार नाही, असे कळवले आहे. आम्ही दोघे नोकरी करतो, दिवसभर तो पाळणाघरात असतो. तीन दिवसांत डायपर सोडवण्याची एक पद्धत मोबाइलवर पाहून सुट्टीत करून पाहिली. आम्ही दर दहा मिनिटांनी विचारत होतो. तिसऱ्या दिवशी तो भांडे पाहूनच पळू लागला.

ज्या मुलांची तयारी आधीच झालेली असते, ती मुले तीन दिवसांत शिकतात आणि श्रेय पद्धतीला मिळते. आपल्या मुलाने पळून जाऊन स्पष्ट उत्तर दिले आहे. दोन-तीन आठवडे भांड्याचा विषय पूर्ण बंद ठेवा. दर दहा मिनिटांनी ‘शू आली का?’ असे विचारल्याने मुलाला स्वतःच्या शरीराकडून येणारा निरोप ऐकायला वेळच मिळत नाही. पुन्हा सुरुवात कराल, तेव्हा प्रश्न विचारू नका. ठरलेल्या वेळी ‘चल, आता शूला जाऊ’ एवढेच म्हणा, आणि तो नाही म्हणाला तर तेव्हा सोडून द्या.

पाळणाघराच्या ताईंशी बोलून घेणे फार महत्त्वाचे आहे. घरी चड्डी आणि पाळणाघरात डायपर, घरी भांडे आणि तिथे भारतीय बैठक, असे असेल, तर मूल गोंधळते. दोन्हीकडे शब्द तेच असावेत, वेळा साधारण त्याच असाव्यात, आणि चड्डी ओली झाली तर प्रतिक्रिया तीच असावी : ‘शू चड्डीत झाली, चल बदलू.’ तो आपली ओली चड्डी स्वतः बादलीत टाकू शकतो, परंतु ती शिक्षा वाटू नये. ओल्या चड्डीत बसवून ठेवणे किंवा इतर मुलांसमोर नाव ठेवणे कोठे होत असेल, तर ते थांबवण्याचे काम पालकांनी करायलाच हवे.

शाळेला विचारून पाहा, की दोन जादा चड्ड्या दप्तरात दिल्या तर चालेल का. काही शिक्षिका मोकळेपणाने मदत करतात. शाळा सुरू होण्याआधी मुलाला तिथली शू करायची जागा दाखवून आणा. दिवा लागतो कुठे, दार लावावे लागते का, कोणत्या बाईंना सांगायचे, हे त्याला माहीत असू द्या. शाळेतला संडास नकोसा वाटल्याने दिवसभर शू धरून ठेवणारी मुले मी नेहमी पाहतो. शाळा ऐकायलाच तयार नसेल, तर प्रवेश काही महिने पुढे ढकला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही शिक्षणाचा पायाभूत टप्पा तिसऱ्या वर्षापासून धरला आहे. तीन वर्षांच्या आतील प्लेग्रुप चुकल्याने मुलाचे शैक्षणिक नुकसान होत नाही, मात्र धाकाने लावलेल्या सवयीतून बद्धकोष्ठ सुरू झाले, तर ते पुढे दोन-दोन वर्षे पाठ सोडत नाही.

रत्नागिरीहून एक आई लिहितात : साडेतीन वर्षांची मुलगी सात-आठ महिने व्यवस्थित सांगत होती. धाकट्या भावाच्या जन्मानंतर ती पुन्हा चड्डीत शू करू लागली आहे. घरचे म्हणतात, लक्ष वेधून घेण्यासाठी करते.

आधी लघवीची तपासणी करून घ्या. जंतुसंसर्गाचे पहिले लक्षण मुलींमध्ये कधी कधी एवढेच असते. शू करताना जळजळ, वारंवार थोडी थोडी शू, ताप किंवा पोटदुखी असेल, तर आजच दाखवा. धुताना पाणी पुढून ओतून हात पुढून मागे न्यायचा, हे तिला आणि तिला धुणाऱ्या प्रत्येकाला शिकवा. उलटा हात फिरला, तर शीमधले जंतू शूच्या जागी जातात. शी घट्ट होत नाही ना, हेही पाहा, कारण भरलेला गुदाशय मूत्राशयावर दाब देतो.

तपासणीत काही निघाले नाही, तर घरचे म्हणतात ते खरे असू शकेल, आणि तसे असेल तर तिला ते लक्ष द्या. घरात नुकतेच बाळ आले आहे, त्याचे डायपर सगळे जण प्रेमाने बदलतात, आणि ती ते पाहते आहे. दिवसातून थोडा वेळ बाळाला दुसऱ्याकडे देऊन केवळ तिच्याशी खेळा. ‘तू आता मोठी झालीस ना?’ हे वाक्य काही दिवस घरातून बाजूला ठेवा. तिला मोठे व्हायची घाई नाही. बहुतेक मुली काही आठवड्यांत पूर्ववत होतात.

नाशिकहून एक वाचक विचारतात : मुलाला शू उभ्याने शिकवावी की बसून?

बसून. सुरुवातीला शी आणि शू एकाच बैठकीत होतात, त्यामुळे गोंधळ होत नाही. उंची वाढली, की तो वडिलांना पाहून उभ्याने करायला आपोआप शिकेल. मात्र मुलाच्या शूची धार नेहमीच बारीक, थेंब-थेंब येत असेल किंवा त्याला जोर लावावा लागत असेल, तर तपासून घ्या.

सोलापूरहून एक आई लिहितात : मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. दिवसा एकदाही चूक होत नाही, पण रात्री अंथरूण ओले करतो. आम्ही संध्याकाळी सहानंतर पाणी देत नाही, आणि त्याची आजी बारा वाजता व तीन वाजता त्याला उठवून बाथरूममध्ये नेते. तरीही पहाटे अंथरूण ओले असते.

रात्रीचे कोरडे राहणे शिकवून येत नाही. झोपेत शू कमी तयार व्हावी लागते आणि मूत्राशय भरल्यावर मेंदूला जाग यावी लागते, आणि काही मुलांत हे उशिरा होते. पाचव्या वर्षीही शंभरातील सुमारे १५ मुले अंथरूण ओले करतात, म्हणून पाच वर्षांच्या आत आम्ही याला आजार मानत नाही. आई किंवा वडिलांपैकी कोणी लहानपणी बराच काळ अंथरूण ओले करत असेल, तर मुलातही तसे होण्याची शक्यता वाढते. घरी मोकळेपणाने विचारा, मुलालाही त्याने धीर येईल.

सोलापूरच्या उन्हात सहानंतर पाणी बंद करणे योग्य नाही. दिवसभर भरपूर पाणी द्या, झोपण्याच्या तासभर आधी थोडे कमी करा आणि झोपताना शू करायला पाठवा. आजींनी रात्री उठवल्यामुळे फार तर अंथरूण कोरडे राहील, परंतु अर्धवट झोपेत केलेल्या शूमधून मूल काही शिकत नाही आणि घरातली दोन माणसे जागी राहतात. हे बंद केले तरी चालेल. गादीवर रबरी कापड घालून वर सुती चादर घाला. याच्याही मुळाशी कधी घट्ट शी असते, म्हणून तेवढे जरूर पाहा. सहा महिने किंवा अधिक काळ रात्री कोरडे राहिलेले मूल अचानक पुन्हा अंथरूण ओले करू लागले, त्यासोबत त्याला सारखी तहान लागत असेल, शू खूप होत असेल आणि वजन उतरत असेल, तर मात्र दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी रक्तातील साखर तपासून घ्यावी.